शाळेतला बोलण्याचा तास आणि घरातली दहा मिनिटे



इंदुरीसारख्या गावात दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरकडे बोलण्याची तक्रार घेऊन सहसा कोणी येत नाही. ताप घेऊन येतात, खोकला घेऊन येतात आणि औषधाची चिठ्ठी हातात पडल्यावर उठता उठता आजी सहज सांगते, "डाक्टर, ह्यो अजून नीट बोलत न्हाई. पन ह्याचा बाप बी पाच वर्सांचा झाल्यावरच बोलाया लागला." या वाक्याच्या दुसऱ्या भागाने पहिल्या भागातील काळजीवर पांघरूण घातले जाते आणि विषय तिथेच संपतो. वास्तविक वैद्यकशास्त्र याच्या नेमके उलट सांगते. वडील किंवा काका उशिरा बोलले असतील, तर ते निश्चिंत राहण्याचे कारण नसून लवकर तपासणी करून घेण्याचे कारण आहे. वाचा आणि भाषा यांच्या काही अडचणी घराण्यात चालत येतात. बाप पुढे बोलू लागला हे खरे, परंतु त्या पाच वर्षांत त्याने शाळेत काय सोसले, हे आता कोणाला आठवत नाही.

आजच्या लेखात अशा मुलांच्या मदतीला शाळेत येणाऱ्या एका माणसाची ओळख करून द्यायची आहे. स्पीच थेरपिस्ट, म्हणजे वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ, हे नाव आता बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असते. त्यांच्या हाताखाली काम करणारा वाचा-उपचार साहाय्यक मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही. आपल्यापैकी अनेक आजी-आजोबा नातवंडांना शाळेत सोडतात, परत आणतात, गृहपाठ करून घेतात. त्यामुळे या माणसाशी सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा गाठ पडते ती आपलीच.

तज्ज्ञ आणि साहाय्यक यांच्यातील नाते डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासारखे समजावे. मुलाची तपासणी करणे, अडचण कोणती ते ठरविणे आणि उपचाराची आखणी करणे हे तज्ज्ञाचे काम. त्या आखणीप्रमाणे मुलाकडून पुन्हा पुन्हा, न कंटाळता सराव करून घेणे हे साहाय्यकाचे. ऐकायला दुय्यम वाटते. पण बोलणे सुधारते ते सरावानेच, आणि हा सराव करून घेणारे माणूस नसेल तर तज्ज्ञाने लिहून दिलेला कागद फाइलमध्येच राहतो.

एक साधे उदाहरण घेऊ. पहिलीतील मुलगा 'क'च्या जागी 'त' म्हणतो. 'काका'चे 'ताता' होते आणि 'कावळा' 'तावळा' होतो. तीन वर्षांच्या मुलाने असे म्हटले तर त्याचे कौतुक करावे. त्या वयात ते स्वाभाविक आहे. सहा वर्षांच्या मुलाला मात्र वर्ग हसतो आणि मग तो हात वर करणे सोडून देतो. साहाय्यक अशा मुलाला, किंवा तशाच दोन-तीन मुलांना, शाळेतल्या एका शांत कोपऱ्यात घेऊन बसतो. पहिले काही दिवस मुलाने बोलायचेच नसते, फक्त ऐकायचे असते. समोर दोन चित्रे असतात, कार आणि तार. जे नाव ऐकू येईल त्यावर बोट ठेवायचे. 'क' आणि 'त' यांतील फरक कानाला कळू लागला की मग जीभ मागे कशी न्यायची ते आरशात पाहून शिकायचे. त्यानंतर नुसता 'क', मग 'का, की, कू', मग शब्द, मग वाक्य आणि शेवटी गप्पा. प्रत्येक वेळी साहाय्यक वहीत नोंद करतो: वीस प्रयत्नांपैकी बरोबर किती आले. तज्ज्ञ ती वही पाहून पुढची पायरी ठरवितात. वरवर खेळ वाटणाऱ्या या प्रकारात एवढी शिस्त असते. म्हणून "नुसती चित्रं दाखवतात, शिकवत काहीच नाहीत" अशी तक्रार घेऊन मुख्याध्यापकांकडे जाण्याआधी ती वही एकदा पाहावयास मागावी.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलाच्या बाबतीत साहाय्यकाचे काम सकाळीच सुरू होते. यंत्र चालू आहे का, सेल संपला नाही ना, कानातल्या साच्यात मळ अडकला नाही ना, हे पाहिल्याखेरीज वर्गात बसविण्यात अर्थ नसतो. यासाठी डॅनियल लिंग या तज्ज्ञाने सुचविलेली सहा ध्वनींची एक सोपी चाचणी जगभर वापरली जाते. आ, ई, ऊ, म, श आणि स हे ते सहा ध्वनी. 'म' आणि 'ऊ' खालच्या पट्टीतले, तर 'श' आणि 'स' वरच्या पट्टीतले. या सहांत बोलण्यातल्या आवाजांचा बहुतेक पट्टा येतो. मुलाच्या मागे उभे राहून, अथवा आपले ओठ त्याला दिसणार नाहीत अशा बेताने, एकेक ध्वनी म्हणायचा. ऐकू आला की मुलाने हात वर करायचा किंवा तोच ध्वनी म्हणून दाखवायचा. काल सहाही ऐकू आले आणि आज 'स' गेला, तर यंत्राकडे किंवा कानाकडे लक्ष द्यावे लागणार हे लगेच समजते. ही चाचणी घरीही करता येते. दूध पिऊन झाल्यावर दोन मिनिटांत होते.

मावळातल्या पावसाळ्याविषयी येथेच एक सूचना करतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतींनासुद्धा ओल येते, तिथे श्रवणयंत्राचे काय होत असेल! रात्री यंत्र काढल्यावर सेलचे दार उघडे ठेवून ते ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या झाकणबंद डबीत ठेवावे. सेलवरची चिकटपट्टी काढल्यानंतर तो मिनिटभर उघडा ठेवून मग यंत्रात बसवावा. त्याला हवा लागते. वापरलेला सेल लगेच टाकून द्यावा आणि नवे सेल मुलांच्या हाती लागणार नाहीत असे उंचावर ठेवावेत. मुलाने असा बटणासारखा सेल गिळला किंवा नाका-कानात घातला, तर घरगुती उपाय करीत न बसता तात्काळ रुग्णालय गाठावे.

साहाय्यकाने काय करू नये, हेही आपणास माहीत असावे. मुलाला अमुक आजार आहे असे निदान त्याने करू नये. उपचाराची दिशा त्याने स्वतःच्या मनाने बदलू नये. "आता शाळेतला तास बंद करा, मूल बरे झाले" हा निर्णयही त्याचा नव्हे. त्यामुळे शाळेत किंवा खासगी वर्गात कोणी बोलण्याचा सराव घेत असेल, तर एकच प्रश्न नम्रपणे विचारावा: "आपल्यावर देखरेख कोणत्या तज्ज्ञांची आहे आणि त्यांनी आमच्या मुलाला शेवटचे केव्हा पाहिले?" चांगल्या साहाय्यकाला या प्रश्नाचा राग येत नाही, तो नाव आणि तारीख सांगतो. राग आलाच, तर आपल्याला हवे ते उत्तर मिळाले असे समजावे.

आता आपल्याकडील वस्तुस्थिती. मुंबईत मूकबधिर मुलांसाठी शाळा निघाली ती १८८० च्या दशकात; परंतु वाचा-उपचाराचे पद्धतशीर शिक्षण देशात सुरू व्हायला १९६० चे दशक उजाडावे लागले. मैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि मुंबईच्या नायर रुग्णालयातील अभ्यासक्रम हे त्या काळचे. पुढे १९८३ मध्ये मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. पुण्यात भारती विद्यापीठातही या विषयाचे पदवी शिक्षण मिळते. तज्ज्ञ होण्यासाठी चार वर्षांची पदवी लागते. साहाय्यकाच्या कामासाठी 'डिप्लोमा इन हिअरिंग, लँग्वेज अँड स्पीच' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि त्याला विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यांना प्रवेश मिळतो. तज्ज्ञ असो वा साहाय्यक, १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असावी लागते. नातीला बारावीनंतर काय करावे हा प्रश्न पडला असेल, तिला लहान मुलांची आवड असेल आणि अंगी चिकाटी असेल, तर या वाटेचा विचार जरूर करावा. तीच गोष्ट शंभर वेळा, पण प्रत्येक वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखी सांगता येणे, ही या कामाची खरी पात्रता. ती परीक्षेत मोजता येत नाही.

असे असले तरी गावातल्या सर्वसाधारण शाळेत वाचा-उपचार साहाय्यक हे स्वतंत्र पद सहसा आढळत नाही. मग हे काम विखुरले जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचे फिरते पथक अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासते. जन्मजात दोष आणि आजार यांच्याबरोबर वाढीतील विलंब शोधणे हेही त्यांचे काम आहे, आणि त्यात बोलणे येते. संशय आल्यास मुलाला जिल्हा रुग्णालयाशी संलग्न अशा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. तेथील चमूत श्रवण व वाचा तज्ज्ञाचे पद असते. आपले जिल्हा रुग्णालय औंधला आहे. बहिरेपणा प्रतिबंधाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही जिल्हा पातळीवर श्रवण-साहाय्यक आणि श्रवणबाधित मुलांसाठी प्रशिक्षक अशी पदे योजलेली आहेत. समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षक शाळाशाळांतून फिरतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत श्रवणदोष आणि वाचा व भाषादोष या दोहोंचा समावेश केला असून, चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षे या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. कागदावर साखळी पुरी आहे. प्रत्यक्षात लोणावळ्यापासून इंदापूरपर्यंत पसरलेल्या जिल्ह्याला हे मनुष्यबळ किती पुरे पडणार, याचा हिशेब आपणच करावा. म्हणूनच पथक शाळेत येणार असेल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, आणि "बोलणं जरा बघा हो" असे शिक्षकांच्या मार्फत आवर्जून कळवावे. पथकाला एका दिवसात अनेक मुले तपासायची असतात. वर्गात गप्प बसणारे मूल शहाणे समजून नजरेतून निसटते.

परदेशात नातवंडे असलेल्या वाचकांना हा सारा प्रकार वेगळ्या रूपात दिसतो. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यानुसार सार्वजनिक शाळेने अशा मुलांच्या गरजेप्रमाणे सोय करावयाची असते. त्यामुळे तेथे स्पीच थेरपिस्ट शाळेतच असतो आणि अनेक ठिकाणी त्याच्या हाताखाली साहाय्यकही. तेथील व्यावसायिक संघटनेने २०२० पासून साहाय्यकांसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र सुरू केले आहे. सुनेचा फोन येतो, "शाळेत याला स्पीच लावलंय," आणि इकडे आजीच्या छातीत धस्स होते. घाबरू नये. तेथे ते चष्मा लागण्याइतके साधे मानले जाते. "मग आम्ही त्याच्याशी मराठीत बोलणं बंद करू का?" असाही प्रश्न मला विचारला जातो. अजिबात बंद करू नये. दोन भाषा कानावर पडल्याने मूल अडखळत नाही किंवा मागे पडत नाही. खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. तळेगाव आणि चाकणच्या कारखान्यांमुळे आपल्या शाळांतही आता घरी हिंदी, भोजपुरी किंवा कन्नड बोलणारी मुले आहेत. त्यांनाही हेच लागू. मूल घरच्या भाषेत उत्तम बोलत असेल आणि शाळेत गप्प राहत असेल, तर त्याला उपचाराची नव्हे, वेळेची गरज आहे.

आता एक छोटे गणित. समजा, फार चांगली सोय झाली आणि साहाय्यक दर आठवड्याला वीस मिनिटे देऊ लागला. दिवाळी, मे महिना, परीक्षा आणि आजारपण वगळता वर्षात पस्तीस तास-बैठका होतील. म्हणजे सारे मिळून बारा तासांच्या आसपास. घरी रोज दहा मिनिटे दिली, तर वर्षाला साठ तास होतात. आई-वडील कंपनीच्या पाळीवर असतात. ही दहा मिनिटे बहुधा आजी-आजोबांच्याच पदरी येतात. म्हणून शाळेतल्या साहाय्यकाकडून दर आठवड्याला एवढेच विचारून घ्यावे: "या आठवड्यात घरी काय करायचे?" त्याने सांगितलेल्या पायरीच्या पुढे मात्र जाऊ नये. तो अजून सुटा 'क' म्हणून घेत असताना आपण "कावळा म्हण, कावळा म्हण" असा आग्रह धरला, तर चुकीचा उच्चारच पक्का होतो.

दहा मिनिटांसाठी टीव्ही बंद असावा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. मुलाच्या उंचीवर, समोरासमोर बसावे. प्रश्नांची सरबत्ती करू नये. "हे काय? ते काय? सांग ना!" यापेक्षा आपण जे करतो आहोत ते बोलत राहावे: "आता मी शेंग सोलते. बघ, आत किती दाणे आहेत. एक दाणा तुला." मूल 'दाणा' म्हणाले की आपण त्यात एक शब्द मिळवावा, "मोठा दाणा." चुकले तर "असं नाही" म्हणण्यापेक्षा बरोबर शब्द आपण सहज उच्चारून दाखवावा. बोलून झाल्यावर थांबावे. या थांबण्याचा आपल्या पिढीला सराव नाही. मनात पाच अंक मोजावेत. उशिरा बोलणाऱ्या मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो आणि नेमक्या त्या वेळात आपण त्याच्या वतीने उत्तर देऊन टाकतो.

तोतरेपणाची गोष्ट निराळी आहे. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान अनेक मुले अडखळतात आणि त्यांतील बरीचशी आपोआप सुधारतात. अशा मुलाला "सावकाश बोल", "श्वास घे, मग बोल" असे सांगणे मायेपोटी होते. पण त्यातून त्याला आपल्या बोलण्यात काहीतरी वाईट आहे एवढेच कळते. त्याचे वाक्य आपण पुरे करू नये, नजर हटवू नये. आपणच संथ बोलावे, म्हणजे तोही संथ होतो. अडखळणे सहा महिन्यांहून अधिक टिकले, बोलताना डोळे मिटणे, मान झटकणे, चेहरा ताणला जाणे असे दिसले, घराण्यात कोणी तोतरे असेल किंवा मूल बोलणे टाळू लागले, तर तज्ज्ञांना दाखवावे.

वेखंड उगाळून जिभेला लावणे, तोंडात गारगोटी ठेवून बोलायला लावणे, देवाला घंटा वाहणे हे उपाय आपल्या भागात अजून चालतात. घंटा वाहण्याला माझी हरकत नाही. देवळातून परतताना कानाची तपासणी करून घ्यावी एवढेच. गारगोटी घशात अडकू शकते. मधातून काही चाटविणे एक वर्षाखालील बाळाला धोक्याचे आहे. "जिभेचा पडदा कापा, म्हणजे बोलेल" अशी मागणीही येते. जिभेखालचा पडदा आखूड असल्याने क्वचित एखाद्या उच्चारात अडचण येते, पण मूल अजिबात बोलत नसण्याचे ते कारण नव्हे.

तपासणीला केव्हा न्यावे, ते लक्षात असू द्या. बाळ वर्षाचे झाले तरी हाकेला वळत नाही किंवा बोटाने दाखवत नाही. दीड वर्षाचे झाले तरी अर्थपूर्ण शब्द नाहीत. दोन वर्षांचे झाले तरी "आई ये", "दूध दे" असे दोन शब्द जोडत नाही. तीन वर्षांच्या मुलाचे बोलणे घराबाहेरच्या माणसाला बहुतांशी कळत नाही. चौथ्या वर्षी 'र' किंवा 'ळ' अस्पष्ट असेल तर चालेल, परंतु बाकीचे समजायला हवे. आणि कोणत्याही वयात येत असलेले शब्द गेले, तर एक आठवडाही थांबू नये. प्रत्येक वेळी पहिली तपासणी कानाची. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून राहते. ते दुखत नाही, त्यामुळे कोणाला कळत नाही. मूल "काय?" म्हणून पुन्हा पुन्हा विचारते, टीव्हीचा आवाज वाढविते आणि आपण त्याला लक्ष न देणारे ठरवितो. नवजात बाळाच्या बाबतीत पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार हा क्रम जगभर मानला जातो. बाळ दवाखान्यातून घरी येण्यापूर्वीच सुनेला ही चाचणी विचारण्यास सांगावे.

शेवटी थोडे आपल्याविषयी. घरातल्या सरावाची जबाबदारी आपल्याकडे आहे आणि वयानुसार कानाने सर्वांत आधी सोडतात ते वरच्या पट्टीतलेच ध्वनी, 'स' आणि 'श'. नातवाचा 'स' सुधारला की नाही हे ज्या कानाने ठरवायचे, त्या कानाला तो ऐकू यायला हवा. दातही त्यात आलेच. कवळी काढून ठेवलेल्या तोंडातून निघणारा 'स' मुलाने नक्कल करावी असा नसतो. तेव्हा नातवाला श्रवणचाचणीला नेाल त्या दिवशी आपलेही नाव त्याच कागदावर लिहून घ्यावे, आणि सरावाच्या दहा मिनिटांपुरती तरी कवळी लावावी.